नवा कॅम बसवल्यावर इंजिन बिघडले? हेड उतरवण्याआधी हे तपासा

स्प्लेंडर, पॅशन, सीडी १०० या घराण्यातले आडवे ९७.२ सीसी इंजिन (बोअर ५० मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी) भारतात १९८५ पासून धावते आहे आणि त्याचा कॅम (व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडणारा फिरता दांडा) बदलणे हे गॅरेजमधले रोजचे काम आहे. तरीही कॅम, रॉकर (कॅमचा रेटा व्हॉल्व्हला देणारा हात) आणि टायमिंग चेनचा सेट टाकल्यावर पहिल्याच किकला ‘टक्’ आवाज येतो आणि किक हलकी होते. काही वेळा गाडी सुरू होते, पण हेडमधून खडखडाट ऐकू येतो, आयडलिंग धरत नाही, सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. अशा वेळी बहुतेक जण ‘व्हॉल्व्ह वाकला’ असे म्हणून सरळ हेड (सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवायला घेतात.

किकला कॉम्प्रेशन कमी लागण्याची कारणे तीन असू शकतात: व्हॉल्व्ह वाकलेला आहे, टायमिंग (कॅम आणि क्रँकची जुळणी) दाताने चुकले आहे, किंवा टॅपेट (रॉकरच्या टोकाचे स्क्रू) इतके घट्ट आहेत की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. पहिल्या कारणाला लेथवाल्याकडचे काम, नवे व्हॉल्व्ह आणि गॅसकिट लागते. उरलेल्या दोन कारणांना अर्धा तास लागतो. कॉम्प्रेशन गेज तिन्ही वेळा कमीच आकडा दाखवतो, म्हणून फक्त त्याच्या भरवशावर निर्णय घ्यायचा नाही. क्रमाने गेले तर हेड जागेवर असतानाच नेमके कारण कळते.

पहिला नियम असा की किक मारणे थांबवायचे. ढकलून किंवा गिअरमध्ये टाकून गाडी सुरू करण्याचा प्रयत्न तर अजिबात करायचा नाही. पिस्टनला टेकून किंचित वाकलेला व्हॉल्व्ह पुढच्या चार किकांत गाईड (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो ती नळी) फोडू शकतो, आणि मग शंभर-दोनशे रुपयांच्या व्हॉल्व्हचे काम हेडवर जाते.

लागणारे सामान: फीलर गेज (०.०३ मिमीपासूनची पाती असलेला), १० मिमी आट्यांच्या अडॅप्टरसह कॉम्प्रेशन गेज, रेग्युलेटर असलेला हवेचा कॉम्प्रेसर, मायक्रोमीटर किंवा चांगला वर्नियर आणि डायल गेज. डायल गेजचा चुंबकी स्टँड हेडला चिकटत नाही, कारण हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. तो इंजिन माउंटिंगजवळच्या लोखंडी फ्रेमवर बसवावा. हवा भरण्यासाठी जुना स्पार्क प्लग घ्यायचा, आतली चिनी माती फोडून काढायची आणि उरलेल्या कवचाला हवेच्या पाइपचे निप्पल ब्रेझिंग करून घ्यायचे. एकदा करून ठेवला की वर्षानुवर्षे चालतो.

हाताने फिरवून पाहणे

प्लग काढा. डाव्या कव्हरवरच्या दोन्ही टोप्या (मॅग्नेटच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या चाकाच्या, नटासमोरची आणि खूण पाहण्याच्या भोकाची) काढा, वरखालच्या टॅपेट कॅपही उघडा. सॉकेट लावून मॅग्नेट घड्याळाच्या उलट्या दिशेने हळूहळू पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. प्लग नसताना कॉम्प्रेशनचा अडथळा नसतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा जोर मात्र जाणवतो, तो लवचीक असतो आणि लोब (कॅमचा फुगवटा) पुढे सरकला की सुटतो.

फिरवताना लोखंडाला लोखंड टेकल्यासारखा कडक थांबा लागला तर पाना तिथेच सोडायचा आणि ‘टी’ खूण (पिस्टन सर्वांत वर असल्याची) कुठे आहे ते पाहायचे. थांबा ‘टी’च्या अलीकडे-पलीकडे वीस-तीस अंशांत असेल तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन भिडताहेत, म्हणजे टायमिंग चुकले आहे. थांबा भलत्याच जागी असेल तर चेन स्प्रॉकेटवर चढली आहे का, स्प्रॉकेटचा बोल्ट सैल होऊन कव्हरला घासतो आहे का, रॉकर हेडला अडकला आहे का, हे पाहावे.

दोन्ही फेऱ्या मोकळ्या गेल्या म्हणजे सगळे ठीक आहे असे समजू नका. व्हॉल्व्ह आधीच वाकून उघडा राहिलेला असू शकतो.

टायमिंगच्या खुणा

‘टी’ खूण कव्हरवरच्या खाचेसमोर आणा. हेडच्या डाव्या बाजूचे गोल कव्हर काढा. कॅम स्प्रॉकेटवरची ‘ओ’ खूण हेडच्या खाचेसमोर हवी. ती दिसत नसेल तर मॅग्नेट आणखी एक पूर्ण फेरी फिरवा, कारण कॅम निम्म्या वेगाने फिरतो.

इथे दोन चुका नेहमी सापडतात. ‘टी’ऐवजी ‘एफ’ खुणेवर कॅम बसवलेला असतो. ‘एफ’ ही ठिणगीची खूण आहे, ती ‘टी’च्या थोडी आधी येते. त्यामुळे खूण एका दाताला जुळत नाही, दुसऱ्यालाही जुळत नाही, आणि मेकॅनिक ‘जवळचा दात’ धरून मोकळा होतो. दुसरी चूक म्हणजे चेनची सैल बाजू तशीच ठेवून खूण जुळवणे. टेन्शनरने चेन ओढली की स्प्रॉकेट फिरतो आणि खूण सरकते. म्हणून स्प्रॉकेट बसवल्यावर मॅग्नेट दोन फेऱ्या फिरवून खूण पुन्हा पाहिलीच पाहिजे. पहिल्यांदा जुळलेली खूण धरायची नाही.

कॉम्प्रेशनचा ‘टी’ की एक्झॉस्टचा, याची चिंता कार्ब्युरेटरच्या सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या) इंजिनात करायची नाही. तिथे प्रत्येक फेरीला ठिणगी पडते, त्यामुळे कॅम कोणत्या फेरीत बसवला याने फरक पडत नाही. दात जुळणे महत्त्वाचे.

एक दात चुकणे किरकोळ वाटते. हिशोब करा: स्प्रॉकेटला २८ दाते असतील तर एक दात म्हणजे कॅमचे ३६० भागिले २८, म्हणजे सुमारे १२.९ अंश, आणि क्रँकचे त्याच्या दुप्पट, जवळपास २६ अंश. इतक्या फरकाने गाडी अनेकदा सुरू होते, म्हणूनच ही चूक लवकर ध्यानात येत नाही.

कॅम एक दात मागे पडला असेल तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. किक हलकी लागते, खालच्या आरपीएमला गाडी मरगळते आणि वरच्याला थोडी बरी चालते. कॅम पुढे गेला असेल तर उलटे होते. किक नेहमीपेक्षा जड वाटू शकते, आयडलिंग थडथडते आणि वर ओढ राहत नाही. भिडण्याचा धोकाही दिशेप्रमाणे बदलतो. कॅम पुढे असेल तर इनटेक व्हॉल्व्ह लवकर उघडून वर येणाऱ्या पिस्टनच्या वाटेत सापडतो. कॅम मागे असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वेळेत बंद होत नाही आणि त्याच पिस्टनचा फटका खातो. पुढे हेड उतरवल्यावर कोणता व्हॉल्व्ह वाकला आहे यावरून चूक कोणत्या दिशेने झाली ते ओळखता येते. बसवताना खूण बरोबर असून नंतर फक्त एक्झॉस्ट वाकला असेल तर बहुधा चालत्या गाडीत सैल चेनने दात सोडला. मग दोष टेन्शनरचा पुशरॉड, त्याची स्प्रिंग, चेनची रबरी पट्टी किंवा रोलर यांत शोधायचा. नवी चेन आणि जुना, घासलेला क्रँकचा दातेरी गिअर ही जोडीही असेच करते.

टॅपेटचा गॅप काय सांगतो

इंजिन पूर्ण थंड हवे. इनटेकचा रॉकर व्हॉल्व्ह दाबून परत वर येताना पाहा. त्यानंतर जी ‘टी’ खूण येते ती कॉम्प्रेशनची. तिथे दोन्ही टॅपेट किंचित खुळखुळले पाहिजेत. गॅपचा (टॅपेट स्क्रू आणि व्हॉल्व्हच्या टोकामधल्या फटीचा) आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच धरा. या घराण्यात तो ०.०५ ते ०.१० मिमीच्या दरम्यान असतो.

आता वाचन. एका बाजूला गॅप अचानक मोठा, अर्धा-एक मिमी किंवा जास्त असेल, तर तो व्हॉल्व्ह वाकून उघडा अडकला असण्याची शक्यता मोठी आहे. व्हॉल्व्ह खाली राहिला की त्याचे टोक रॉकरपासून दूर जाते, म्हणून गॅप वाढतो. पुष्कळ जण याला सैल टॅपेट समजून स्क्रू घट्ट करतात आणि पिस्टनला आणखी एक फटका देतात. दोन्ही बाजूंना गॅप शून्य असेल आणि व्हॉल्व्ह दबलेले दिसत असतील तर आपण चुकीच्या ‘टी’वर आहोत किंवा कॅम दाताने सरकला आहे. एकाच बाजूला गॅप शून्य असेल तर टॅपेट घट्ट बसवले आहेत. स्क्रूने सेट होते का पाहा आणि त्यानंतरच पुढची चाचणी करा.

कॅमचा लोब झिजला असेल तरी गॅप बदलत नाही, कारण गॅप लोबच्या पाठीमागच्या गोल भागावर मोजला जातो. ‘टॅपेट बरोबर आहेत म्हणजे कॅम चांगला’ हा तर्क चूक आहे. लोबची तपासणी लिफ्ट (तो किती उचलतो ते) मोजूनच होते.

कॉम्प्रेशन, आणि मग हवा भरून

थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून काटा थांबेपर्यंत पाच-सात किक मारा. पण हे हाताने दोन फेऱ्या मोकळ्या फिरल्या असतील आणि खुणा जुळत असतील तरच. चांगल्या स्थितीतले इंजिन साधारण १० ते १२ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाखवते. कमी आले तर प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलीच्या आसपास इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंग आणि बोअर संशयात येतात. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा टायमिंग.

या दोहोंत निवाडा करणारी खरी चाचणी पुढची आहे, आणि छोट्या गॅरेजमध्ये ती फारच कमी केली जाते. दोन्ही टॅपेटचे लॉकनट सोडून स्क्रू इतके मागे घ्या की रॉकर व्हॉल्व्हला अजिबात टेकणार नाहीत. आता कॅम कुठेही असला तरी दोन्ही व्हॉल्व्ह फक्त आपल्या स्प्रिंगांच्या जोरावर बंद आहेत. टायमिंगचा प्रश्नच बाजूला पडला. पिस्टन नेमका ‘टी’वर आणा, टॉप गिअर टाका आणि एका माणसाला मागचा ब्रेक धरायला सांगा. जुन्या प्लगच्या निप्पलमधून २ ते ३ किलो हवा सोडा. बोअर ५० मिमी असल्याने ३ किलोला पिस्टनवर सुमारे ५९ किलोचा रेटा बसतो. टायरचा कॉम्प्रेसर ७ किलोवर थेट जोडला तर तोच १३७ किलो होतो, आणि पिस्टन जरा हलला तरी मॅग्नेटवरचा पाना गरकन फिरून हात तोडेल. मॅग्नेटवर पाना लावून ठेवायचा नाही.

कान लावा. कार्ब्युरेटरमधून सुस्कारा येत असेल तर इनटेक, सायलेन्सरमधून येत असेल तर एक्झॉस्ट. ऑइल भरायच्या भोकातून थोडी हवा येणे स्वाभाविक आहे, भसभसा आली तर रिंग. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर साबणाचे पाणी लावून फुगे येतात का पाहा, म्हणजे गॅसकिट कळते. दोन घड्याळांचा लीकडाऊन टेस्टर (गळती मोजणारे यंत्र) असेल तर १० ते १५ टक्के गळती चांगली, ३० टक्क्यांच्या वर काम काढायचे. वाकलेल्या व्हॉल्व्हला दुसऱ्या घड्याळाचा काटा फारसा उठत नाही.

स्क्रू मागे घेऊन हवा टिकली आणि कॉम्प्रेशन मात्र कमी होते, तर हेडला हात लावायचा नाही. दोष टायमिंगमध्ये किंवा गॅपमध्ये आहे. हवा थोडीच गळत असेल तर सीटवर (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्यावर) कार्बनचा कण अडकलेला असू शकतो. प्लास्टिकच्या हातोडीने व्हॉल्व्हच्या टोकावर हलकेच एक-दोन ठोके द्या, कधी कधी गळती तिथल्या तिथे थांबते. वाकलेला व्हॉल्व्ह ठोक्यांनी दाद देत नाही.

कॅम आणि रॉकर

गळती नाही, टायमिंग बरोबर, तरी आवाज आणि कमी ओढ असेल, तर लिफ्ट मोजा. टॅपेट स्क्रू गॅप शून्य होईल इतका टेकवा, डायल गेजचे टोक स्प्रिंगच्या रिटेनरवर (वरच्या टोपीवर) ठेवा आणि दोन फेऱ्या फिरवून सर्वांत जास्त वाचन घ्या. कॅम बाहेर काढला असेल तर लोबची एकूण उंची वजा पाठीच्या गोलाचा व्यास, ही लोबची लिफ्ट. जुन्या कॅमचीही काढा. दोघांच्या लिफ्टमध्ये ठळक फरक असेल तर दुसऱ्याच मॉडेलचा कॅम मिळाला आहे किंवा हलक्या प्रतीचा माल आहे. ही मोजणी खरे तर कॅम बसवण्याआधीच करायला हवी, दोन मिनिटांचे काम आहे.

शंभर-दोनशे किलोमीटरांत नवा कॅम खड्डे पडून गेला तर पहिला संशय जुन्या रॉकरवर घ्यावा. रॉकरचा लोबवर घासणारा तळवा कडक केलेला असतो. त्याचा थर उडाला की खालचा भाग कानसीसारखा चालतो आणि नवा लोब खातो. पैसे वाचवायला फक्त कॅम बदलण्याचा सल्ला म्हणूनच टाळावा. नखाने तळव्यावरून फिरवा, नख अडकले तर रॉकर बाद. रॉकर शाफ्टवर पायरी जाणवत असेल तर तोही. शाफ्ट निघत नसेल तर टोकाच्या आट्यांत ८ मिमीचा बोल्ट लावून ओढतात.

लोबवरच्या खुणाही बोलतात. पूर्ण रुंदीवर एकसारखी चकाकी असेल तर ठीक. एकाच कडेला घासलेले असेल तर रॉकर तिरका बसतो आहे किंवा कॅमची बेअरिंग हेडात सैल आहे. अशा बेअरिंगचा आवाज टॅपेटसारखाच येतो, पण गॅप कितीही सेट केला तरी जात नाही. निळसर-काळा रंग म्हणजे ऑइल पोहोचले नाही.

ऑइलचा रस्ता स्टडच्या भोवतालच्या भोकातून वर हेडात जातो. गॅसकिटला फासलेला सिलिकॉन सीलर, विसरलेली ओ-रिंग किंवा हेडच्या नटांखाली चुकीच्या जागी पडलेला तांब्याचा वॉशर यांपैकी काहीही तो बंद करते किंवा बाहेर गळवते. या गॅसकिटला सीलर लागतच नाही. इंजिन सुरू होत असेल तर आयडलिंगवर वरची टॅपेट कॅप उघडून पाहा. मिनिटभरात रॉकरवर ऑइल दिसले पाहिजे. नाही दिसले तर इंजिन लगेच बंद.

रेस कॅम बसवला असेल तर

लिफ्ट वाढली की इतर मापेही बदलतात, आणि खुणा बरोबर असूनही व्हॉल्व्ह वाकतो. पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातल्या मातीची पातळ वडी थापा, माती चिकटू नये म्हणून व्हॉल्व्हला थोडे तेल लावा. जुन्या गॅसकिटसह हेड आवळून, टॅपेट गॅप शून्य ठेवून दोन फेऱ्या फिरवा. माती कापून सर्वांत पातळ जागा मोजा. इनटेकला निदान १.५ मिमी आणि एक्झॉस्टला २ मिमी जागा हवी. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकण्याआधी निदान १ मिमी शिल्लक राहिले पाहिजे, रिटेनरच्या तळाने गाईडवरचे सील दाबता कामा नये. वेढे टेकले तर व्हॉल्व्ह शाबूत राहतो, पण रॉकर फुटतो किंवा कॉटर (रिटेनरला व्हॉल्व्हवर धरणारे तुकडे) सुटतात.

हेड उतरवल्यावर

पिस्टनच्या माथ्यावर अर्धचंद्राच्या आकाराची ताजी चकाकती खूण दिसली की भिडल्याचा पुरावा मिळाला. खूण उथळ असेल आणि पिस्टनला तडा नसेल तर पिस्टन चालतो. तिच्या कडा बारीक पॉलिश पेपरने मऊ करा.

स्प्रिंग सोडण्याआधी दोन्ही पोर्टमध्ये आळीपाळीने रॉकेल ओता. वाकलेल्या व्हॉल्व्हखालून धार लागते. व्हॉल्व्ह काढताना कॉटरच्या खाचेजवळ उठलेला बर (धातूची खरखरीत कड) आधी बारीक कानसीने घालवा, नाही तर तोच गाईडला ओरबाडतो. जास्त वाकलेला व्हॉल्व्ह गाईडमधून ठोकून काढू नका, माथ्याजवळ कापा आणि दोन्हीकडून काढा. काढलेला व्हॉल्व्ह काचेवर लोळवा. दांडा आणि काचेमधली फट उघड-मीट होत असेल तर वाकला आहे. डोळ्याला सरळ वाटला तरी भिडलेला व्हॉल्व्ह परत वापरू नये, माथा आणि दांडा यांच्या सांध्यात तो कमजोर झालेला असतो. चालत्या गाडीत माथा तुटून पडला तर ब्लॉक, पिस्टन आणि हेड तिन्ही जातात.

गाईडचे खालचे टोक टॉर्च लावून पाहा, तडा तिथेच पडतो. नवा व्हॉल्व्ह घालून १० मिमी उचला आणि बाजूला हलवा. लटलट स्पष्ट जाणवली तर गाईड बदलून सीट पुन्हा कापून घ्यावी लागते, कारण नव्या गाईडचा मध्य जुन्या सीटशी जुळत नाही. कापल्यावर सीटची रुंदी १ ते १.२ मिमी ठेवायला सांगा आणि हेड घेण्याआधी रॉकेलची चाचणी लेथवाल्यासमोरच करा.

कॅम किंवा रॉकरचा चुरा झाला असेल तर नुसते ऑइल बदलून भागत नाही. उजवे कव्हर उघडून क्लचजवळचा फिरता ऑइल फिल्टर आणि तळाची जाळी दोन्ही धुवा. चुरा तिथे साठतो, आणि तिथूनच दुसरा नवा कॅम खराब करतो.

जोडताना लोब, रॉकर आणि शाफ्टला ऑइल माखा. हेडचे नट मॅन्युअलच्या टॉर्कने, समोरासमोरच्या जोडीने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. हाताने दोन फेऱ्या, खूण पुन्हा, गॅप पुन्हा. मग इग्निशन बंद ठेवून प्लगशिवाय पंधरा-वीस किक, म्हणजे ऑइल वर चढते. सुरू केल्यावर मिनिटभर आयडलिंग, ऑइल दिसले का पाहून कॅप लावा. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर थंड इंजिनावर गॅप तपासा, ऑइल काढा आणि निचरा बोल्टाच्या तळाशी चुंबक फिरवा. करडी पेस्ट असेल तर चालते. टोचणाऱ्या कण्या सापडल्या तर टॅपेट कॅप उघडून लोब पाहिल्याशिवाय गाडी ग्राहकाला देऊ नका.